वेगळी सायकल घेऊन पहिल्यांदा ग्रुप राइडला जाताना

रविवारी पहाटे पावणेसहाला पुण्यात राजाराम पुलाजवळ वीस-पंचवीस सायकली जमलेल्या असतात. बहुतेक सगळ्या एका साच्यातल्या: बारीक टायर, वाकडं हँडल, मागे लुकलुकणारा लाल दिवा. तेवढ्यात तुम्ही येता. तुमच्याकडे घडीची सायकल, नाहीतर चार इंची टायरची फॅट बाईक, नाहीतर बॅटरीवाली. पंचवीस माना वळतात. कोणीतरी ‘अरे वा!’ म्हणतं, आणि त्या ‘वा’चा अर्थ काय लावायचा हे खडकवासला येईपर्यंत कळत नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो घडीच्याच सायकलवर. आता त्याच ग्रुपच्या राइडची जबाबदारी महिन्यातून एकदा-दोनदा माझ्याकडे असते, त्यामुळे माना वळवणाऱ्यांतही मी असतो. दोन्ही बाजूंनी बघून सांगतो: ग्रुपला तुमच्या सायकलचं वावडं नसतं. वावडं असतं ते अचानक काहीतरी होण्याचं. तुमच्या मागचा माणूस तुमच्या चाकापासून हात-दीड हातावर, ताशी २८ किलोमीटरने येत असतो. त्याला रस्ता दिसत नाही, तुमची पाठ दिसते. ती सायकल पुढच्या क्षणी काय करेल याचा अंदाज त्याला सवयीने येतो, आणि ती सवय त्याने आपल्यासारख्याच सायकलींमागे चालवून लावून घेतलेली असते. तुमची सायकल वेगळी, म्हणजे त्याचा अंदाज चुकणार. खाली जे काही सांगितलंय ते सगळं त्याचा अंदाज चुकू नये म्हणून.

पहिलं काम: दोन दिवस आधी कळवा

‘मी येतोय’ एवढंच कळवून भागत नाही. राइड ज्याच्याकडे आहे त्याला थेट मेसेज टाका. असा:

‘नमस्कार, रविवारी यायचा विचार आहे. माझी २० इंची घडीची सायकल आहे, ७ गिअर. सपाटीवर २२-२३ने आरामात जातो, घाटात ८ने. चालेल का? मागे राहिलो तर कोणी थांबतं का, की परत एकट्याने यायची तयारी ठेवू?’

यातले आकडे महत्त्वाचे. ‘मी बऱ्यापैकी चालवतो’ या वाक्याचा काही उपयोग नाही, पुण्यात प्रत्येक जण बऱ्यापैकी चालवतो. वेग माहीत नसेल तर एखाद्या सकाळी फोनवर ॲप लावून तासभर फिरून या आणि जो सरासरी आकडा येईल तो सांगा. उताराला आलेला सगळ्यात मोठा आकडा सांगू नका.

नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. काही राइड वेगाच्या सरावासाठीच असतात, तिथे बॅटरीवाली किंवा एका गिअरची सायकल बसत नाही. ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, तर नियमच आहे: सायकल कसलीही आणा, दोघांनी मिळून चालवायची टँडम आणा, तीनचाकी आणा, पण ती माणसाच्याच ताकदीवर चालली पाहिजे. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, मोटर नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या ब्रेवेला अशा वेगळ्या सायकलींना वेगळ्या गटात सोडतात. म्हणजे वेगळं काढलं की अपमान झाला असं नसतं. कधीकधी ती सोयच असते.

दुसरं काम: शनिवारी संध्याकाळी सायकल आपटून बघा

शब्दशः. पुढचं चाक वीतभर उचला आणि सोडा. मग मागचं. जे खडखडेल, हलेल, लोंबेल ते काढा नाहीतर आवळा.

हे मी का सांगतोय? माझ्या त्या पहिल्या राइडला मी घरातली स्टीलची बाटली हँडलच्या पिशवीत खोचून आणली होती. धायरी फाट्याच्या पुढे एक स्पीडब्रेकर आहे, रंग उडालेला. माझ्या पुढच्यांची चाकं मोठी होती, ती ‘टुक’ करून गेली. माझं छोटं चाक ‘धाड्’ करून गेलं. बाटली उडाली, रस्त्यावर एकदा वाजली आणि मागच्याच्या चाकासमोर घरंगळत गेली. तो पडला नाही. पण चुकवायला रस्त्याच्या मध्यात गेला आणि मागून बस येत होती. बसवाल्याने हॉर्न दाबून धरला तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो मुलगा मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर यादी अशी. बाटली पिंजऱ्यात घट्ट बसते का? कॅरिअरवर रबरी हूकची दोरी असेल तर ती काढूनच टाका, तिचं एक टोक सुटून तारांमध्ये गेलं की मागचं चाक जागच्या जागी अडकतं. स्टँड ढिला असेल तर खड्ड्यात खाली येतो आणि वळताना रस्त्याला टेकतो, त्याचा नट आवळा. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना बघा. उघडी नळी पडल्यावर मांडीत घुसते, आणि ती मांडी दुसऱ्याची असू शकते. बाहेर आलेला आरसा ग्रुपमध्ये असताना आत वळवा. घडीच्या सायकलचे कुलूप-खटके दोनदा तपासा, एकदा रात्री आणि एकदा निघताना.

चाक फिरवून ब्रेकच्या रबराजवळून बघा. डावी-उजवीकडे डुलत असेल तर शनिवारीच दुकानात जाऊन आउट काढून घ्या. रविवारी पहाटे कोणतंही दुकान उघडं नसतं.

जुनी काळी सायकल, आजोबांच्या वेळची, दांड्याच्या ब्रेकची आणत असाल तर एक जास्तीची गोष्ट. त्या सायकलच्या रिमा स्टीलच्या असतात. कोरड्यात ब्रेक बरा लागतो, पावसात जवळजवळ लागतच नाही. जून ते सप्टेंबर ती सायकल एकट्याने चालवा, ग्रुपमध्ये नको.

तिसरं काम: तुमचं पंक्चर तुमचंच

ग्रुपमध्ये एक अलिखित व्यवस्था असते. कोणाची ट्यूब गेली की कोणीतरी आपली काढून देतं, चार हात लागतात, सात-आठ मिनिटांत सगळे परत रस्त्यावर. ही व्यवस्था सगळ्यांची चाकं ७०० सी या एकाच मापाची आहेत म्हणून चालते. तुमच्या चाकाला ती लागू नाही.

टायरच्या बाजूला दोन आकडे जोडून छापलेले असतात, उदाहरणार्थ ४०-४०६ किंवा २५-६२२. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बाकी इंचांवर विश्वास ठेवू नका. ‘२० इंची’ म्हणून दोन वेगळे माप विकले जातात, ४०६ आणि ४५१, आणि एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. ७०० सी म्हणजे ६२२. जुन्या काळ्या सायकलचं २८ इंची चाक म्हणजे ६३५. जुन्या माउंटन बाईकचं २६ इंची म्हणजे ५५९. तुमचा दुसरा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि त्या मापाच्या दोन ट्यूब घेऊनच निघा. एक नाही, दोन.

पंपाचंही तेच. रोड सायकलवाल्यांकडे बारीक व्हॉल्व्हचा पंप असतो, तुमच्या ट्यूबला बहुधा मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. आणि सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते म्हणजे नट. रोड सायकलचं चाक हाताने खटका सोडून निघतं. घडीच्या, साध्या किंवा फिक्सी (जिचे पॅडल चाकाबरोबर फिरतच राहतात अशा) सायकलच्या चाकाला नट असतात, त्यांना बहुतेक वेळा १५चा पाना लागतो. मागच्या चाकात मोटर असेल तर १८चा. हे पाने ग्रुपमध्ये कोणाकडेच नसतात. मी एकदा खडकवासल्याच्या धरणाच्या भिंतीखाली हातात नवी ट्यूब, नवा पंप, पंक्चर काढायच्या पट्ट्या, सोल्यूशन, सगळं घेऊन उभा होतो आणि चाक निघत नव्हतं. कणीस भाजणाऱ्या मावशींच्या मुलाने मोटरसायकलच्या डिकीतून पाना काढून दिला. मावशींनी पैसे फक्त कणसाचे घेतले.

घरी एकदा चाक काढून परत बसवून बघा. मोटरवाल्या सायकलची वायर कुठे सुटते ते तेव्हाच कळतं.

चौथं काम: रांगेत जागा कुठे धरायची

नवख्याला वाटतं मागे राहणं म्हणजे नम्रपणा. नेहमी तसं नसतं. जागा सायकलवर अवलंबून असते.

*बॅटरीवाली.* हिच्याबद्दल सगळ्यात जास्त कुरबुर होते आणि त्यातली निम्मी खरी असते. आपल्याकडे मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ती कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही, लायसन्स-नोंदणी लागत नाही. ग्रुपमध्ये या २५नेच घोळ होतो. सपाटीवर ग्रुप २८ने चाललाय, तुमची मोटर २५ला बंद पडते, आणि तुम्ही वीस-बावीस किलोची सायकल नुसत्या पायांनी ओढत मागे पडता. मग चढ लागतो. सगळे १२वर येतात, तुमची मोटर जागी होते आणि तुम्ही २०ने सगळ्यांच्या कडेने वर. पुढच्या सपाटीला परत मागे. असं चार वेळा झालं की लोक चिडतात, कारण दर वेळी तुम्हाला जागा करून द्यावी लागते. उपाय सोपा आहे: रांगेच्या शेवटी राहा, चढाला मोटरची मदत सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा आणि ग्रुपच्याच वेगाने चढा. मुठीवरचा ॲक्सिलरेटर असेल तर त्याला हात लावू नका; पाय थांबलेले असताना सायकल पळायला लागली की मागच्याचा अंदाज पार चुकतो. आणि ज्यांचं वय किंवा गुडघे बॅटरीशिवाय साथ देत नाहीत त्यांनी हे सगळं करून बिनधास्त यावं. आमच्यात एक काका बायपासनंतर असेच येतात. शेवटी राहतात, कोणाची चेन पडली की तेच थांबतात. आता त्यांच्याशिवाय राइड निघत नाही.

*रिकम्बंट,* म्हणजे आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसून पाय पुढे करून चालवायची. सपाटीला ही बाकीच्यांना दमवते, चढाला मागे पडते. बॅटरीवालीच्या बरोबर उलट. सपाटीला किती वेगवान? १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या, पहिल्या फळीतल्या म्हणता येणार नाही अशा सायकलपटूने अशा सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ठरवलं की ही सायकलच नव्हे. तेव्हापासून ती स्पर्धांच्या बाहेर आहे. रविवारच्या राइडला असला वाद कोणी काढत नाही (एक जण काढतो, पण तो हेल्मेटच्या रंगावरूनही वाद घालतो). तुम्ही बसता खाली, त्यामुळे तुमच्या मागच्याला वाऱ्याचा आडोसा मिळत नाही आणि मोटारवाल्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून उंच काठीवर झेंडा लावा, आणि रांगेच्या मध्ये न घुसता टोकाला राहा.

*टँडम.* दोघांचं वजन, दोघांची ताकद, पण वारा कापायचा जवळजवळ एकट्याचाच. त्यामुळे सपाटीला आणि उताराला ही सायकल सुसाट जाते आणि चढाला हळू. उतार लागण्याआधी पुढे जाऊ द्या असं मोठ्याने सांगा; मागे राहून ब्रेक मारत बसलात तर रिम तापते. खड्डे पुढच्याने ओरडून सांगायचे, कारण मागे बसणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि बसतात मात्र त्यालाच. हाताच्या खुणा मागच्याने करायच्या. जोडप्यांनी भांडणं कात्रजलाच मिटवून यावं.

*फिक्सी.* फ्रीव्हील नाही, पाय थांबत नाहीत. पुढचा ब्रेक नसेल तर येऊ नका, यात चर्चा नाही. ब्रेक असेल तर शेवटून दुसरे-तिसरे राहा आणि उताराला सरळ मागे पडा.

*फॅट बाईक आणि माउंटन बाईक.* टायरचा घूं-घूं आवाज कोणी मनावर घेत नाही. हँडलकडे मात्र लक्ष द्या. रोड सायकलचं हँडल साधारण ४२ सेंटिमीटर रुंद असतं, तुमचं ७० किंवा त्याहून जास्त. जिथून पुढचा सहज गेला तिथून तुम्ही जाल असं नाही. दोन सायकलींच्या मधून काढू नका. पावसात खडबडीत टायर मागच्याच्या तोंडावर चिखल उडवतात, तेव्हा मडगार्ड लावा.

*घडीची.* चाक छोटं म्हणजे खड्डा मोठा, आणि हँडल चटकन वळतं. वेगात असताना एक हात सोडून खूण करू नका, तोंडाने सांगा: ‘खड्डा!’, ‘डावीकडे!’, ‘थांबतोय!’ पुढच्याशी इतरांपेक्षा दुप्पट अंतर ठेवा.

हँडलवर कोपर टेकायचे दांडे

ट्रायथलॉनवाल्यांची एक खास सवय: पुढे निघालेल्या दोन दांड्यांवर कोपरं टेकून चालवायची. त्या अवस्थेत हात ब्रेकपासून लांब असतात. दांडे सायकलला असू द्या, काढून आणा असं कोणी म्हणणार नाही. पण रांगेत असताना त्यांच्यावर टेकायचं नाही. एकदम पुढे, वारा अंगावर घेत असाल किंवा एकटेच मागे पडला असाल तर खुशाल टेका.

आवाज आणि उजेड

ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवा. तुम्हाला लता आवडते, मलाही आवडते, पण मागून ‘ट्रक!’ अशी हाक आली तर ती ऐकू आली पाहिजे. दोन्ही कानांत इअरफोन घालून येणाऱ्याला आमच्याकडे हळूच बाजूला घेऊन सांगतात. दुसऱ्यांदा हळूच सांगत नाहीत.

मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवायचा तो एकटं चालवताना. ग्रुपमध्ये तो स्थिर आणि मंद करा, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांत तासभर वीज चमकत राहते. शेवटच्या माणसाने मात्र लुकलुकता ठेवावा. पुढचा दिवा रस्त्याकडे झुकवा.

हेल्मेटवर कॅमेरा असेल तर आधी सांगा, बास.

सिंहगडाचा घाट

चढताना कोणी कोणाबरोबर नसतं. गोळेवाडीपासून आठ-नऊ किलोमीटर प्रत्येक जण आपापल्या वेगाने जातो आणि वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही वाट बघत असतं. तेव्हा चढाची काळजी सोडा. काळजी उताराची. रविवारी आठनंतर खालून मोटारी वर यायला लागतात, वळणावर अर्धा रस्ता त्यांचा झालेला असतो. जड सायकल, म्हणजे फॅट, बॅटरीवाली, टँडम, थांबायला जास्त रस्ता घेते. वळणाच्या आधीच ब्रेक मारून घ्या, वळणात नाही, आणि पुढच्या सायकलपासून तीन-चार मोटारी बसतील एवढं अंतर सोडा. रिमचा ब्रेक असेल तर सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा. डिस्कचा असेल तर खाली आल्यावर तापलेल्या डिस्कला बोट लावून बघायचा मोह आवरा. सगळ्यांना होतो.

चहाच्या टपरीवर

सायकल दुसऱ्याच्या सायकलवर टेकवू नका. तुमचा स्टँड असेल तर त्यावर लावा आणि त्याची लाज बाळगू नका, कार्बनवाले भिंत शोधत फिरत असतात तेव्हा तुम्ही चहाचा पहिला घोट घेतलेला असतो. कोणाचीही सायकल न विचारता उचलून वजन बघायचं नाही. तुमची मात्र सगळे उचलून बघतील, आणि ‘बाप रे!’ म्हणतील. हसून सोडून द्या.

आणि ‘कितीला पडली?’ हा प्रश्न पहिल्या राइडला विचारायचा नाही. आकडा लाखात असतो आणि बायकोला सांगितलेला आकडा वेगळा असतो.

गेल्या डिसेंबरात पानशेतहून येताना आमच्यातल्या सगळ्यात महाग सायकलचा मागचा गिअर तारांमध्ये गेला आणि मोडला. त्याच उताराला माझ्या घडीच्या सायकलच्या दोन तारा तुटल्या. मी खटके सोडले, सायकल तीन घड्या करून रिक्षात टाकली आणि त्यालाही म्हटलं चल. त्याची सायकल काही रिक्षात मावेना. तो तिथेच टेम्पोची वाट बघत थांबला. रिक्षा निघता निघता खिडकीशी येऊन त्याने, इकडेतिकडे बघत, हळूच विचारलं, ‘ही कितीला पडली रे?’